लहान क्रमसंचांचे वर्गीकरण : एका अर्ध्या वाक्याची समीक्षा



फोर्सिंगवरच्या टिपणांमध्ये एक वाक्य हमखास सापडते : "प्रत्येक गणनीय क्रमसंच म्हणजे कोहेन फोर्सिंगच." मीही ते वाक्य माझ्या वर्गात वाटलेल्या टिपणात अनेक वर्षे लिहीत होतो. या लेखात त्याच वाक्याची समीक्षा करायची आहे. वाक्य खोटे आहे असे सरसकट म्हणता येणार नाही, पण ते अर्धे आहे. सुटलेला अर्धा भाग विद्यार्थ्याला किती महाग पडतो ते मी पाहिले आहे.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स शिकवतो. शिक्षण एम. एस्सी.पर्यंतचे. फोर्सिंग हा माझ्या संशोधनाचा विषय नाही, आवडीने शिकलेला विषय आहे. आमचे घराणे पिढ्यानपिढ्या काशीत राहणारे मराठी. संध्याकाळी अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर तीन-चार विद्यार्थी जमतात आणि अभ्यासक्रमाबाहेरचे काहीबाही बोलणे होते. त्यांतल्या एका विद्यार्थिनीने एम. एस्सी. प्रवेशाच्या मुलाखतीत माझे वरचे वाक्य जसेच्या तसे सांगितले. समोरच्यांनी फळ्यावर एकच ठिपका काढला आणि विचारले, "हा एका घटकाचा क्रमसंच. हाही कोहेन फोर्सिंग का?" तिला उत्तर देता आले नाही. ते तिला माझ्या टिपणातून मिळणे शक्यच नव्हते. घाटावर येऊन तिने हे तक्रार न करता सांगितले, तेव्हा मी ते टिपण पुन्हा वाचायला घेतले. त्यात मला तीन दोष दिसले. ते क्रमाने पाहू.

१. आधी थोडी ओळख

वास्तव संख्यांचा संच नैसर्गिक संख्यांच्या संचापेक्षा मोठा आहे हे कँटरने दाखवले. या दोहोंच्या मध्ये आणखी एखादा आकार आहे का? "नाही" हे उत्तर म्हणजे कंटिन्युअम हायपॉथिसिस. संचसिद्धांताच्या नेहमीच्या गृहीतकांवरून हे विधान खोटे ठरवता येत नाही हे गडेल यांनी १९३८ मध्ये दाखवले. ते खरेही ठरवता येत नाही हे पॉल कोहेन यांनी १९६३ मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांनी शोधलेली रीत म्हणजे फोर्सिंग. १९६६ मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळाले.

रीत थोडक्यात अशी. संचसिद्धांताचे एक जुने विश्व घ्यायचे. त्यात नसलेली एखादी वस्तू, उदाहरणार्थ ० आणि १ यांची एक नवी अनंत मालिका, त्या विश्वात आणायची. ती वस्तू आधी पूर्ण कळत नाही, तिच्याविषयीची तुकड्यातुकड्यांची माहितीच हाती असते. अशा तुकड्यांना "अटी" म्हणतात. प ही अट क पेक्षा जास्त माहिती देत असेल तर प ≤ क असे लिहितात. म्हणजे खाली जाणे हे माहिती वाढणे. (काही लेखक, विशेषतः शेलाह, हे चिन्ह उलटे वापरतात. पुस्तक उघडताच ते तपासून घ्या.) दोन अटींच्या खाली एखादी सामाईक अट असेल तर त्या "सुसंगत", नसेल तर "विसंगत". ज्या उपसंचातली कोणती ना कोणती अट प्रत्येक अटीच्या खाली सापडतेच, तो "दाट" उपसंच. जुन्या विश्वातल्या प्रत्येक दाट उपसंचाला स्पर्श करणारा, परस्परसुसंगत अटींचा समूह म्हणजे "जेनेरिक" समूह. तो जोडला की नवे विश्व तयार होते.

२. पहिला दोष : अट गाळली

आता घाटाकडे पाहा. दशाश्वमेधाकडून दक्षिणेला निघून शीतला घाट ओलांडला की अहिल्याबाई घाट लागतो. पायऱ्यांवरून उतरायच्या वाटा पुष्कळ. कुणी डावीकडून उतरतो, कुणी उजवीकडून, कुणी मध्येच बसतो. पण सगळ्या वाटा पाण्याला मिळतात. "खाली जाणे" हा क्रम धरला तर पाणी हे सर्वांच्या खालचे ठिकाण, म्हणून कोणत्याही दोन पायऱ्या सुसंगत. अशा क्रमसंचाने फोर्सिंग केले तर नवे काहीच मिळत नाही. मुलाखतीतला तो एक ठिपका म्हणजे हाच प्रकार.

याचे नेमके नाव "अणू". ज्या अटीच्या खालच्या कोणत्याही दोन अटी सुसंगतच असतात, ती अट अणू होय. समजा जेनेरिक समूहात अ हा अणू आहे. तर तो समूह म्हणजे अ शी सुसंगत असलेल्या सर्व अटींचा संच, बाकी काही नाही. एक दिशा उघड आहे : समूहातली प्रत्येक अट अ शी सुसंगत असते. दुसऱ्या दिशेसाठी क ही अट अ शी सुसंगत घ्या आणि दोहोंच्या खालची र घ्या. "र च्या खालच्या किंवा र शी विसंगत" अशा अटींचा संच दाट आहे, म्हणून त्यातली एखादी स समूहात असते. स आणि अ यांच्या खाली एक ट आहे. ट आणि र दोघीही अणूच्या खाली, म्हणून सुसंगत. त्यामुळे स ही र शी विसंगत असू शकत नाही, म्हणजे स ≤ र. म्हणून र समूहात आहे आणि तिच्या वरची क सुद्धा. हा संच जुन्या विश्वातच लिहिता येतो, तेव्हा नवे विश्व म्हणजे जुनेच.

दुसरा फसवा नमुना परिमेय संख्यांचा. त्यांचा नेहमीचा लहान-मोठा क्रम गणनीय आहे आणि कोणत्याही दोन संख्यांच्या मध्ये तिसरी असते. पण कोणत्याही दोन संख्यांपैकी एक दुसरीच्या खाली असतेच, म्हणून सगळ्या सुसंगत. फोर्सिंगच्या दृष्टीने हा क्रमसंचही निष्फळ. "दाट क्रम" आणि "दाट उपसंच" यांतला "दाट" हा शब्द निरनिराळ्या अर्थांचा आहे, त्यांची गल्लत करू नका.

तेव्हा वाक्यात "अणुरहित" हा शब्द हवा : प्रत्येक अटीच्या खाली दोन परस्परविसंगत अटी असाव्यात. काशीच्या गल्ल्यांसारखे, पण एकदा फुटलेल्या गल्ल्या पुन्हा कधीच मिळायच्या नाहीत.

३. दुसरा दोष : "एकच" म्हणजे काय ते सांगितले नाही

"सगळे एकच" असे ऐकल्यावर विद्यार्थ्याला वाटते की दोन्ही क्रमसंचांची आकृती एकसारखी, म्हणजे ते समरूप. तसे नसते. दोन झाडे घ्या. पहिले झाड ० आणि १ यांच्या सांत मालिकांचे, म्हणजे प्रत्येक गाठीला दोनच फांद्या. दुसरे नैसर्गिक संख्यांच्या सांत मालिकांचे, म्हणजे प्रत्येक गाठीला अनंत फांद्या. दोन्हींत मालिका वाढवणे म्हणजे खाली जाणे. ही झाडे समरूप नाहीत हे शाळकरी मुलालाही दिसेल.

आता पहिल्या झाडातून फक्त रिकामी मालिका आणि १ ने संपणाऱ्या मालिका निवडा. कोणतीही मालिका घेतली आणि शेवटी १ जोडला की ती या निवडीत येते, म्हणून ही निवड दाट आहे. निवडीतल्या एखाद्या मालिकेच्या लगेच खाली कोण येते? तिला १, ०१, ००१, ०००१ असे काही जोडून मिळणाऱ्या मालिका. त्या अनंत आणि परस्परविसंगत. म्हणजे ही निवड दुसऱ्या झाडाशी समरूप आहे. कॉम्प्युटर शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे ऑटोमाटाच्या तासाला पाहिलेले असते : प्रत्येक संख्या तितकी शून्ये आणि एक १ अशी लिहायची.

दाट उपसंचावर फोर्सिंग केले काय नि पूर्ण क्रमसंचावर केले काय, नवे विश्व तेच मिळते. एका जेनेरिक समूहावरून दुसरा काढता येतो : खाली उतरताना उपसंचातल्या अटी तेवढ्या ठेवायच्या, वर येताना त्यांच्या वरच्या सगळ्या अटी जोडायच्या. म्हणून "एकच" याचा अर्थ "नवी विश्वे तीच". या संबंधाला फोर्सिंग-सममूल्यता म्हणू. वर्गीकरण कोणत्या संबंधाने केले ते न सांगता वर्गीकरण सांगणे म्हणजे एकक न लिहिता मोजमाप लिहिणे. प्रयोगवहीत मी त्याचे गुण कापतो. स्वतःच्या टिपणात मात्र तेच केले होते.

४. पूर्ण वाक्य आणि त्याची सिद्धता

पूर्ण वाक्य असे : प्रत्येक गणनीय, अणुरहित, सर्वांत वरची अट असलेल्या क्रमसंचात एक दाट उपसंच असतो आणि तो नैसर्गिक संख्यांच्या सांत मालिकांच्या झाडाशी समरूप असतो. म्हणून असे सगळे क्रमसंच परस्पर सममूल्य आहेत, आणि कोहेन फोर्सिंग त्यांपैकीच एक.

सिद्धता एका पानाची आहे. परस्परविसंगत अटींच्या संचाला अँटिचेन म्हणतात. जिच्यात आणखी भर घालता येत नाही ती महत्तम अँटिचेन.

पहिली पायरी. प्रत्येक अटीच्या खाली अनंत अँटिचेन असते. अट दोन विसंगत तुकड्यांत फोडा. एक बाजूला ठेवा, दुसरी पुन्हा फोडा, आणि असेच करत राहा. बाजूला ठेवलेल्या अटींची अनंत अँटिचेन होते. ती वाढवून महत्तम करता येते. क्रमसंच गणनीय असल्यामुळे तीही गणनीयच राहते.

दुसरी पायरी. सर्व अटी प₀, प₁, प₂ … अशा ओळीने मांडा. शून्याव्या थरात फक्त सर्वांत वरची अट ठेवा. न वा थर ही महत्तम अँटिचेन आहे असे समजा. ती महत्तम असल्यामुळे तिच्यातली एखादी अट अ ही पₙ शी सुसंगत आहे. दोहोंच्या खालची र घ्या. र च्या खाली अनंत अँटिचेन घ्या आणि ती वाढवून अ च्या खालची महत्तम अँटिचेन करा. थरातल्या इतर प्रत्येक अटीखालीही एकेक अनंत महत्तम अँटिचेन घ्या. या सगळ्यांचा मिळून पुढचा थर, आणि तोही महत्तम.

तिसरी पायरी. सर्व थर एकत्र करा. प्रत्येक पₙ च्या खाली न+१ व्या थरातली एखादी अट आहे, म्हणून हा संच दाट. प्रत्येक गाठीखाली गणनीय अनंत फांद्या आहेत आणि वेगळ्या फांद्या विसंगत आहेत, म्हणून क्रमही झाडाचाच. सिद्धता पूर्ण.

गणनीयता कुठे लागली ते पाहा : एक तर अटी ओळीने मांडताना, दुसरे म्हणजे फांद्या मोजताना. अणुरहितता पहिल्या पायरीत लागली. गृहीतक कुठे वापरले ते जिथे दिसते, तिथे ते विसरले जात नाही. माझ्या टिपणात सिद्धताच नव्हती, म्हणून अट गळाली आणि मला पत्ताही लागला नाही.

अणू असलेल्या गणनीय क्रमसंचांचे काय? प्रत्येक अटीच्या खाली एक तर कुठेतरी अणू सापडतो किंवा तिच्या खालचा सगळा भाग अणुरहित असतो. म्हणून जेनेरिक समूह एक तर निष्फळ भागात शिरतो किंवा कोहेन भागात. तिसरी शक्यता नाही. गणनीय पातळीवर वर्गीकरण खरोखर पूर्ण झालेले आहे.

५. तिसरा दोष : "लहान" कुठपर्यंत?

माझे टिपण यानंतर एक तक्ता देत असे : कोहेन, रँडम, सॅक्स, सुस्लिन वृक्ष. तक्त्याचे शीर्षक होते "वर्गीकरण". ती यादी होती, वर्गीकरण नव्हते. वर्गीकरणात प्रत्येक वस्तूला जागा असावी लागते आणि कोणती वस्तू कोणत्या जागेत जाते हे ठरवण्याची कसोटी असावी लागते. यादीत फक्त ओळखीची नावे असतात.

नावांमध्ये खरा फरक आहे हे मात्र नक्की, आणि तो तुम्हाला संभाव्यतेच्या तासाला शिकलेल्या गोष्टीवरून कळेल. कोहेन मालिकेतल्या १ चे सरासरी प्रमाण पाहा. हातात कोणताही सांत तुकडा असो, त्याच्या शंभरपट लांब १ ची रांग जोडली की सरासरी ०.९९ च्या वर जाते. तशीच ० ची रांग जोडली की ०.०१ च्या खाली येते. या दोन्ही प्रकारच्या अटी दाट आहेत, कितीही पुढे गेलो तरी. म्हणून कोहेन मालिकेची सरासरी कधीच स्थिरावत नाही. नाणेफेकीचा नियम ती पाळत नाही. रँडम फोर्सिंगमध्ये अटी म्हणजे धन माप असलेले बंद संच. त्यातून येणाऱ्या मालिकेची सरासरी अर्ध्यावर स्थिरावते. "नवी मालिका" हे दोन्हीकडे खरे, पण नवेपणाची जात वेगळी. रँडम फोर्सिंगमधून कोहेन मालिका निघत नाही. म्हणून त्यात गणनीय दाट उपसंच असूच शकत नाही, नाहीतर वरच्या प्रमेयाने ते कोहेनच ठरले असते.

आता गणनीयच्या पुढचा आकार घ्या, अलेफ-एक. येथे एक व्यवस्थित निकाल मिळतो : अलेफ-एक आकाराचा क्रमसंच जर अलेफ-एकलाच गणनीय करून टाकत असेल, तर तो अलेफ-एकच्या घटकांच्या सांत मालिकांच्या झाडाशी सममूल्य असतो. पण जे क्रमसंच असे करत नाहीत त्यांचे काय?

कंटिन्युअम हायपॉथिसिस खरे धरले तर वास्तव संख्या अलेफ-एक इतक्याच, म्हणून रँडम आणि सॅक्स ही दोन्ही फोर्सिंग याच आकारात बसतात. ते खोटे धरले तर रँडम फोर्सिंग या आकारात मावेलच असे नाही. गडेल यांच्या रचनाक्षम विश्वात सुस्लिन वृक्ष असतो हे जेन्सेन यांनी दाखवले. त्याने फोर्सिंग केले तर ०-१ ची एकही नवी मालिका येत नाही, मग कोहेन मालिका कुठून येणार? उलट सुस्लिन वृक्ष मुळीच नसलेली विश्वेही शक्य आहेत हे सोलोवे आणि टेनेनबाउम यांनी सिद्ध केले. १९९७ मध्ये यिंद्रिख झापलेटाल यांनी याहून पुढची गोष्ट दाखवली : असेही विश्व शक्य आहे की ज्यात अलेफ-एक आकाराच्या प्रत्येक निष्फळ नसलेल्या क्रमसंचातून कोहेन मालिका निघतेच.

म्हणजे अलेफ-एक पातळीवर "प्रकार किती?" या प्रश्नाला गृहीतकांवर अवलंबून वेगवेगळी उत्तरे आहेत. ज्या साधनाने आपण विश्वे बदलतो, त्या साधनाचे वर्गीकरणच विश्वागणिक बदलते. माझ्या तक्त्याने नेमकी हीच गोष्ट झाकून ठेवली होती.

आणखी एक गैरसमज. गणनीय क्रमसंचाने कंटिन्युअमचा आकार बदलत नाही, एवढ्या थोड्या अटींमधून तेवढ्या नव्या मालिका येऊच शकत नाहीत. कोहेन यांना कंटिन्युअम हायपॉथिसिस मोडण्यासाठी एकाच वेळी अलेफ-दोन इतक्या मालिका जोडाव्या लागल्या, म्हणजे क्रमसंचही तेवढा मोठा लागला. एका कोहेन मालिकेने हे काम होत नाही.

६. पुस्तकांविषयी

दोष माझा असला तरी पुस्तकांची रीतही तपासली पाहिजे. केनेथ क्यूनेन यांचे १९८० चे पुस्तक शिस्तीचे आहे, व्याख्येत कुठेही ढिलाई नाही. पण गणनीय क्रमसंचांचे हे प्रमेय त्यात सरावप्रश्नांमध्ये जाते. ज्याला विचारायला शिक्षक आहे त्याला ते चालते. एकट्याने वाचणारा सरावप्रश्नाचे विधान तेवढे टिपून घेतो, आणि माझ्यासारखे त्यातले एखादे विशेषण विसरतो. येख यांचा ग्रंथ माहितीचे कोठार आहे, शोधायला उत्तम, पहिल्या वाचनाला जड. टिमथी चौ यांचा नवशिक्यांसाठीचा लेख "हे सगळे का करायचे" ते प्रामाणिकपणे सांगतो आणि फोर्सिंग नीट समजावून सांगणे हाच एक न सुटलेला प्रश्न आहे असे मान्य करतो. मात्र हाताने करून पाहायचे लहान क्रमसंच तिथेही थोडेच. माझे मत असे की १ ने संपणाऱ्या मालिकांचे उदाहरण पहिल्याच तासाला यावे. त्याला संचसिद्धांताचे काहीच लागत नाही, आणि "सममूल्य पण समरूप नाही" ही कल्पना त्यातून पक्की होते.

भाषेविषयीही थोडे. एकोणिसाव्या शतकात याच काशीत बापूदेव शास्त्री हे मराठी घराण्यातले गणिती संस्कृत कॉलेजात शिकवत. सूर्यसिद्धांताचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन परंपरांमध्ये ये-जा करणाऱ्याला शब्द जपून निवडावे लागतात. "फोर्सिंग"ला मी मराठी शब्द बनवलेला नाही. "सक्ती" म्हटले की भलताच अर्थ मनात येतो. उलट "अणू", "सुसंगत", "दाट" हे शब्द व्याख्या दिल्यावर काम नीट करतात. शब्द कुठला आहे यापेक्षा त्याची व्याख्या शेजारी आहे का, ते पाहा.

७. शेवटी

माझे जुने टिपण कुणाकडे असेल तर त्यातले ते वाक्य खोडून चौथ्या भागातले पूर्ण वाक्य लिहा आणि तक्त्याचे शीर्षक "काही उदाहरणे" असे करा. त्या विद्यार्थिनीने घाटावर बसून ही सिद्धता स्वतः लिहून काढली. दुसऱ्या पायरीत र च्या खालची अँटिचेन आधी घेऊन मग ती वाढवायची, हे तिनेच मला दाखवले. माझ्या मांडणीत तिथेही घाई होती. पुढच्या वर्षी ती पुन्हा अर्ज करणार आहे.

सरावासाठी :

(अ) परिमेय टोके असलेली, रिकामी नसलेली सर्व उघडी अंतराळे समावेशाच्या क्रमाने घ्या, आणि संपूर्ण वास्तव रेषा सर्वांत वरची अट म्हणून जोडा. हा क्रमसंच गणनीय आणि अणुरहित आहे हे दाखवा. तो कोणाशी सममूल्य आहे?

(आ) ० आणि १ यांच्या सांत मालिकांच्या झाडात सम लांबीच्या मालिका तेवढ्या निवडा. निवड दाट आहे का? प्रत्येक गाठीला लगेच खाली किती फांद्या आहेत?

(इ) ज्यात एका बाजूला अणू आहे आणि दुसऱ्या बाजूला कोहेन भाग आहे असा गणनीय क्रमसंच बनवा. त्याने फोर्सिंग केल्यावर कोणकोणती नवी विश्वे मिळू शकतात?

(ई) चौथ्या भागातल्या सिद्धतेतून "गणनीय" हा शब्द काढून टाका आणि ती नेमकी कोणत्या ओळीवर अडते ते लिहा.

चौथा प्रश्न सोडवल्याशिवाय हे प्रमेय कुणाला सांगू नका.